अग्निकर्म, सुवर्णभस्म आणि प्रकाशाची उष्णता

अर्बुदावर उष्णतेचा उपचार म्हटला की वैद्यबांधवांस सुश्रुताच्या सूत्रस्थानातील बारावा अध्याय आठवावा, हे स्वाभाविक आहे. अग्निकर्माच्या व्याधींत तेथे अर्बुद गणलेले आहे. त्वचेसाठी पिप्पली व शलाका, मांसासाठी जाम्बवौष्ठ, शिरा-स्नायू-संधी-अस्थींसाठी मध, गूळ व स्नेह. उष्णता किती खोल न्यावयाची, त्यानुसार साधन बदलते. आमच्या मते खरे साम्य आहे ते एवढ्यापुरतेच.

नवे संशोधन आपल्या जवळच चालते. पवईची आयआयटी व खारघरचे अ‍ॅक्ट्रेक येथील संशोधकांनी मेदाच्या पोकळ सूक्ष्मकणांवर सोन्याचा थर देऊन, अवरक्ताच्या सीमेवरील लेसरने उंदरांतील अर्बुद तापविल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. हे कण नंतर विघटित होऊन यकृत व वृक्कांवाटे बाहेर पडावेत, अशी ती रचना होती. इंडोसायनाइन ग्रीन या हिरव्या रंगद्रव्याचेही तसेच. अमेरिकेत १९५९ पासून ते यकृतादिकांच्या तपासणीत वापरतात. सुमारे ८०० नॅनोमीटरचा प्रकाश शोषून ते तापते. मात्र रक्तातून काही मिनिटांत निघून जाते, म्हणून त्यास कणांत कोंडण्याचे प्रयत्न होतात. शिवाय बाहेरून टाकलेला प्रकाश शरीरात फार खोल पोचत नाही. अमेरिकेत पौरुषग्रंथीच्या कर्करोगावर सुवर्णकणांच्या प्रयोगाचा २०१९ चा वृत्तांत अवघ्या १६ रुग्णांचा होता.

आता 'सुवर्णभस्म म्हणजेच नॅनो-औषध' असे आपल्यातील काही जण सांगतात. आम्हांस हे मान्य नाही. प्रकाश शोषण्याची शक्ती कणाच्या आकारावर व थराच्या जाडीवर ठरते. कण सूक्ष्म आहे एवढ्याने ती येत नाही. मुखावाटे दिलेले भस्म अर्बुदात साठून लेसरने तापते, यास प्रमाण कोणते? कर्करोग बरा करण्याची जाहिरात तर १९५४ च्या कायद्यानेच निषिद्ध आहे.

विठ्ठलवाडीच्या रुग्णास लोकलने परळ गाठता येते. तरीही तो महिनोन्महिने आपल्या ओट्यावर भस्माच्या पुड्या घेत राहिला, तर त्या विलंबाचे दायित्व आपले. तंबाखू खाणाऱ्याच्या मुखातील व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, तर पुढची पुडी न बांधता त्यास तुकडा-तपासणीसाठी पाठवावे. केमोथेरपी चालू असणाऱ्यास आपण काही देत असू, तर औषधाचे नाव व मात्रा चिठ्ठीवर स्पष्ट लिहून तेथील डॉक्टरांस कळवावी, आणि त्यांनी नको म्हटल्यास थांबवावे.