एपिडॉरसचे दप्तर

ग्रीसच्या आर्गोलिस प्रांतातील एपिडॉरस येथे येणारा प्रवासी बहुधा तेथील प्राचीन रंगमंडलाच्या मध्यावर नाणे टाकतो, त्याचा नाद वरच्या, ५५ व्या रांगेत बसलेल्या सोबत्याला ऐकू आला की नाही याची परीक्षा घेतो, आणि ज्याच्या कीर्तीमुळे हे वैभव तेथे उभे राहिले त्या अस्क्लेपिओस नामक वैद्यदेवाच्या मंदिराचे भग्न चौथरे दुरूनच पाहून कृतार्थ मुद्रेने मोटारीकडे वळतो. रंगमंडल भव्य आहे, यात वाद नाही; परंतु या क्षेत्राचे अंतरंग जाणावयाचे तर संग्रहालयातील शिलालेखच वाचावयास हवेत.

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील त्या शिलांवर रोग्यांच्या हकीकती कोरलेल्या आहेत. शुचिर्भूत होऊन, पूजा आटोपून रोगी रात्री 'आबातोन' नामक दालनात निजे आणि स्वप्नात देव येऊन त्याची चिकित्सा करी. युफानेस नावाच्या मुतखड्याने पीडलेल्या बालकास देवाने विचारले, बरे केले तर काय देशील? पोराने खेळातले दहा फासे देऊ केले. देव हसला, आणि सकाळी पोर खडखडीत बरे. या हकीकतींची टवाळी करणाऱ्या, एका डोळ्याने आंधळ्या आंब्रोसियेलाही दृष्टी मिळाली. मात्र आपल्या अज्ञानाची निशाणी म्हणून तिला मंदिरात चांदीचे डुक्कर वाहावे लागले. (देवाला विनोदाचे वावडे नसावे.)

या दप्तरात बरा न झालेला इसम मात्र जवळजवळ कोठेच रुजू नाही. पवित्र सीमेच्या आत जन्म आणि मृत्यू या दोहोंसही सक्त मज्जाव होता. पाच वर्षे गर्भार राहिलेल्या क्लेओची प्रसूतीदेखील तिने ती सीमा ओलांडल्यावरच झाली, म्हणजे चमत्कारानेसुद्धा कायदा मोडला नाही! ज्यांना देव पावला नाही ते उघड्यावर प्राण सोडीत, आणि पॉसेनियस या प्रवासी ग्रंथकाराच्या साक्षीनुसार, अशा मरणोन्मुखांसाठी व बाळंतिणींसाठी अँटोनिनस नामक रोमन सिनेटराने घर बांधविले, ते इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, मंदिराच्या उभारणीनंतर पाचशेहून अधिक वर्षांनी. त्या साऱ्या परिसरात मला थोर वाटते ते हे घर, रंगमंडल नव्हे.

बऱ्या झालेल्या रोग्यांची छायाचित्रे जाहिरातीत छापणाऱ्या आणि असाध्य रोग्याच्या आप्तांना 'आता यांना घरी न्या' एवढेच सांगून मोकळ्या होणाऱ्या आजच्या इस्पितळांना त्या पुजाऱ्यांच्या भाबडेपणास हसण्याचा अधिकार पोचत नाही. मरणोन्मुखांसाठी स्वतंत्र विभाग, वेदनाशामक औषधांची तजवीज आणि आप्तांना उशाशी बसण्यास जागा, एवढे तरी प्रत्येक मोठ्या इस्पितळावर कायद्याने बंधनकारक करावे. आणि त्याचा खर्च कोणा दानशूराच्या मर्जीवर न सोपविता सरकारने आपल्या अंदाजपत्रकात घालावा.