दरवाजा आणि पहारा

रायगडाचे दरवाजे सूर्यास्ताला बंद झाले की पहाटेपर्यंत कोणासाठीही उघडत नसत. गडावर दूध घालायला आलेली हिरकणी त्या शिस्तीत अडकली आणि घरच्या तान्ह्या लेकरासाठी अंधारात कडा उतरून गेली, ही आख्यायिका महाराष्ट्रातील घराघरांत सांगितली जाते. तिच्यातील वात्सल्याचे गुणगान होते आणि ते योग्यच आहे. मात्र राज्यकर्त्याच्या दृष्टीने कथेचा उत्तरार्ध अधिक मोलाचा आहे. महाराजांनी हिरकणीचा गौरव केला आणि ती जेथून उतरली तेथे बुरूज बांधून घेतला. दरवाजावरचा पहारेकरी चुकला नव्हता, त्याने आज्ञा तंतोतंत पाळली होती. तरीही गडाला एक वाट होती आणि ती दरवाजाला ठाऊक नव्हती.

आज समाजाचे द्रव्य तिजोरीत कमी आणि संगणकात अधिक असते. निवृत्तिवेतन, मुलीच्या लग्नासाठी साठवलेली ठेव, पतसंस्थेतील बचत, सारे काही आकड्यांच्या रूपाने कोणत्या तरी यंत्रात नोंदलेले आहे. या द्रव्याच्या रक्षणासाठी बँका दोन प्रकारची सॉफ्टवेअर वापरतात. पहिले दरवाजावरचे. आत येणारा कोण, त्याचा पासवर्ड बरोबर आहे का, त्याला कोणत्या दालनापर्यंत जाण्याचा अधिकार आहे, हे ते पाहते. दुसरे आतल्या पहाऱ्याचे. आत आलेला माणूस काय करतो आहे, त्याचे वर्तन नेहमीसारखे आहे का, व्यवहारात काही विपरीत दिसते का, यावर त्याची नजर असते. दोन्ही पहारेकरी बहुतेक ठिकाणी नेमलेले असतात. दुर्दैव असे की अनेकदा ते एकमेकांशी बोलत नाहीत, आणि चोर नेमका त्या अबोल्यातून शिरतो.

पुण्याची कॉसमॉस बँक १९०६ साली स्थापन झालेली, सहकार क्षेत्रातील नामवंत संस्था. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, दुसऱ्या शनिवारच्या सुटीच्या दिवशी, तिच्यावर घाला पडला. कार्डधारक एटीएममधून पैसे मागतो तेव्हा ती मागणी ‘स्विच’ नावाच्या यंत्रणेमार्फत बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जाते, तेथे खात्यातील शिल्लक तपासली जाते आणि मग होकार मिळतो. हल्लेखोरांनी खऱ्या स्विचच्या जागी तोतया स्विच उभा केला. मागण्या मुख्य प्रणालीपर्यंत पोचल्याच नाहीत. तोतया स्वतःच होकार देत राहिला आणि दोन-अडीच तासांत २८ देशांतील एटीएममधून पैसे उपसले गेले. १३ ऑगस्टला स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीतून आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगला वळवले गेले. एकूण फटका सुमारे ९४ कोटींचा. पुढे २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने आपल्या अहवालात या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. पुण्यातल्या सहकारी बँकेतील पैसा एखाद्या शत्रुवृत्तीच्या राजवटीच्या शस्त्रसज्जतेला लागू शकतो, हे ज्यांना अजून पटत नसेल त्यांनी या घटनेचे मनन करावे. सीमा आता केवळ हिमालयात आणि कच्छच्या रणात उरलेली नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाऊस शाखेतील घोटाळा उघडकीस आला होता. तेथे परदेशी हल्लेखोरांची गरजच पडली नाही. हिरे व्यापारी नीरव मोदी आणि मेहुल चोक्सी यांच्या कंपन्यांसाठी शाखेतून स्विफ्टमार्फत हमीपत्रे पाठवली गेली, परंतु त्यांची नोंद बँकेच्या कोअर बँकिंग प्रणालीत झालीच नाही. दोन प्रणाली एकमेकींशी जोडलेल्या नव्हत्या, म्हणून एका खोलीत हमी दिली जात होती आणि शेजारच्या खोलीतील खातेवही कोरी राहत होती. हे वर्षानुवर्षे चालले. रक्कम १३ हजार कोटींच्या पुढे गेली. रिझर्व्ह बँकेने स्विफ्टच्या गैरवापराच्या धोक्याबद्दल ऑगस्ट २०१६पासून बँकांना किमान तीनदा सावध केले होते. एवढा हाहाकार झाल्यानंतरही मार्च २०१९मध्ये रिझर्व्ह बँकेला स्विफ्टविषयक नियमांच्या पालनातील कुचराईबद्दल ३६ बँकांना मिळून ७१ कोटी रुपयांचा दंड करावा लागला. सूचना मिळणे आणि शहाणपण येणे यांत केवढे अंतर असते, याचा हा पुरावा आहे.

ही समस्या यंत्रयुगात जन्मली, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. कौटिल्याने अर्थशास्त्रात राजद्रव्याच्या अपहाराचे ४० प्रकार सांगितले आहेत आणि प्रत्येक खात्यावर एकाहून अधिक प्रमुख असावेत, तेही कायमचे नसावेत, असा दंडक घातला आहे. स्वराज्यातील गडांवर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी असत आणि तिघांनी मिळून कारभार पाहावा, अशी व्यवस्था होती. एकाच्या हाती गड राहू नये, हा त्यामागील हेतू. आपले पूर्वज माणसांवर विश्वास ठेवीत नव्हते, असा याचा अर्थ कोणी काढू नये. विश्वासू माणसालाही मोहापासून आणि संशयापासून वाचवणारी व्यवस्था हवी, हे त्यांनी ओळखले होते.

हा वारसा सांगणारा समाज प्रत्यक्षात कसा वागतो? सहकारी बँकेच्या शाखेत एकाचा पासवर्ड दुसऱ्याला ठाऊक असणे, साहेब रजेवर असताना त्यांच्या नावाने कारकुनाने मंजुरी देणे, निवृत्त झालेल्याचा प्रवेशाधिकार महिनोन् महिने तसाच चालू राहणे, या गोष्टींकडे ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून काणाडोळा होतो. तो घरोबा नव्हे, कर्तव्यच्युती आहे. ठेवीदाराने विश्वास संस्थेवर टाकलेला असतो. संचालकाच्या मर्जीतील माणसावर त्याने तो टाकलेला नसतो.

धोक्याचे दुसरे रूप थेट घरात शिरले आहे. ‘डिजिटल अटक’ नावाची बतावणी करून भामटे व्हिडिओ कॉलवर पोलीस वा सीबीआय अधिकारी म्हणून अवतरतात आणि वृद्ध दांपत्याला तासन् तास, कधी दिवसेंदिवस, दहशतीखाली ठेवतात. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीच याबद्दल देशाला सावध केले. येथे पासवर्ड खरा असतो, ओटीपी खरा असतो, मोबाईल खातेदाराचाच असतो. दरवाजावरचा पहारेकरी त्यामुळे निःशंक मनाने वाट मोकळी करतो. सत्तरीच्या आजी एका दुपारी साऱ्या मुदतठेवी मोडून आयुष्यात कधी नाव न ऐकलेल्या खात्यावर पैसे का पाठवीत आहेत, हा प्रश्न आतल्या पहारेकऱ्यानेच विचारायचा असतो. आणि तो विचारून भागत नाही. त्याच्या संशयाची वर्दी तत्क्षणी दरवाजापर्यंत पोचली, व्यवहार थांबला आणि बँकेतून विचारणा झाली, तरच आजींची पुंजी वाचेल. दुसऱ्या दिवशी सकाळी तयार होणारा अहवाल पंचनाम्याच्या कामाचा, रक्षणाच्या नव्हे.

दोन्ही सॉफ्टवेअर एकमेकांना जोडणे, म्हणजे काय, ते यावरून ध्यानात यावे. ओळख पटवणाऱ्या यंत्रणेने व्यवहार करणारा कोणत्या उपकरणावरून, कोणत्या ठिकाणाहून आला, हे फसवणूक शोधणाऱ्या यंत्रणेला कळवायचे. तिने जोखीम मोजून उलट कळवायचे की याला सोडा, याची आणखी एकदा ओळख पटवा, किंवा याला थांबवा. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५मध्ये प्रसृत केलेल्या निर्देशांत व्यवहाराची जोखीम पाहून जादा पडताळणी करण्याला स्थान दिले आहे. दिशा योग्य आहे. यात ग्राहकाची थोडी गैरसोय होईल, एखादा सच्चा व्यवहारही अडेल. आपल्या वर्तनाची नोंद ठेवली जाते याची काहींना धास्ती वाटेल, तीही अनाठायी नाही. ती नोंद रक्षणापुरतीच वापरली जाईल, याची हमी बँकांनी दिलीच पाहिजे.

छोट्या बँकांना हा खर्च परवडेल काय, असा आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तर सहकाराच्या तत्त्वातच आहे. एकट्याला जे झेपत नाही, ते अनेकांनी मिळून करायचे. नागरी सहकारी बँकांसाठी २ मार्च २०२४ रोजी एका शिखर संस्थेचे उद्घाटन झाले, ते छोट्या बँकांना तंत्रज्ञानाचे सामायिक बळ मिळावे याही हेतूने. त्याचा लाभ घेण्यासाठी आधी संचालक मंडळांनी हलायला हवे. भारतीय कंपन्यांनी घडवलेली बँकिंग सॉफ्टवेअर आज अनेक देशांत चालतात. ज्या देशाचे अभियंते जगाच्या बँका चालवतात, त्या देशातील तालुक्याच्या बँकेने दैवावर हवाला ठेवून बसावे, हे शोभत नाही.

सहकार भारतीची पायाभरणी करणाऱ्या लक्ष्मणराव इनामदारांनी संस्काराविना सहकार नाही, ही शिकवण दिली. आजच्या काळात पासवर्ड दुसऱ्याला न सांगणे हाही संस्कार आहे, आणि वार्षिक सभेत लाभांशाच्या टक्क्याबरोबर सुरक्षेचा हिशेब मागणे हाही. मुख्य प्रणालीशी न जोडलेली कोणती यंत्रणा बँकेत शिल्लक आहे? बदली वा निवृत्ती झालेल्यांचे अधिकार किती दिवसांत रद्द होतात? सुटीच्या दिवशी रात्री संशयास्पद व्यवहार थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे? हे तीन प्रश्न विचारायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. सभासदत्वाची जाणीव पुरते. घरातल्या तरुणांनी वडीलधाऱ्यांना १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक पाठ करून दिला, तर तेही देशकार्यच होय.

हिरकणी मायेपोटी कडा उतरली, म्हणून तिचा गौरव झाला. त्याच वाटेने उद्या शत्रू चढू शकेल, हे महाराजांनी ओळखले आणि दुसऱ्या हिरकणीची वाट पाहिली नाही. कॉसमॉस आणि ब्रॅडी हाऊस या दोन घटनांनी आपल्या गडाच्या उघड्या वाटा दाखवून दिल्या आहेत. बुरूज अजून अनेक ठिकाणी बांधायचा राहिला आहे.