खड्ड्याला चिखलाचा टायर कशाला?

भिवंडी-वाडा रस्त्यावर पिकअप चालवायची तर ऑफरोड टायरच हवेत, कंपनीच्या टायरवर मणके ढिले होतील, असं दिघाशीच्या परिसरातले पिकअपवाले एकमेकांना सांगतात आणि टायरवाला मान डोलावतो. डोलावणारच; महागडा माल खपतो त्याचा. या सल्ल्याला आधार एकच, की रस्ता वाईट आहे. त्याबद्दल वाद नाही. पावसाळ्यात या रस्त्याची काय दशा होते हे भिवंडी तालुक्याला सांगायला नको, त्यापायी आंदोलनंही झाली आहेत. पण रस्ता वाईट असणं वेगळं आणि रस्ता नसणं वेगळं. ऑफरोड टायर बनतो तो रस्ता नसेल तिथे चालायला.

चिखलासाठीचा मड-टेरेन टायर जवळून बघा. रबराचे मोठमोठे ठोकळे, त्यांच्यामध्ये बोटं सहज जातील एवढ्या रुंद चरी. चिखल चरीत भरावा आणि चाक फिरताना बाहेर फेकला जावा, ठोकळ्याला पुन्हा पकड मिळावी, एवढ्यासाठी ही रचना. आता हा टायर खड्ड्यात घाला. खड्डा म्हणजे डांबराची तुटलेली कड. चाक खाली उतरतं तेव्हा फारसं कळत नाही. पलीकडच्या कडेवर आपटतं तेव्हा कळतं. त्या क्षणी टायरचा मधला पट्टा कडेवर दबतो आणि साइडवॉल बाहेर फुगते. ती किती दबली, किती फुगली, त्यावर ड्रायव्हरच्या कंबरेचा हिशेब ठरतो. नक्षीचा त्यात हात नावापुरता.

हे नवं नाही. हवेचा टायर निघाला तोच मुळी आरामासाठी. 1888च्या सुमारास बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉपने मुलाच्या तिचाकी सायकलला हवेची नळी बसवली, कारण घट्ट रबरावर ती सायकल दगडी रस्त्यावर खडखडत होती. चाकाला पकड यावी ही चिंता नंतरची. टायर ही गाडीची पहिली स्प्रिंग. पाटे आणि शॉकअप यांची पाळी त्यानंतर येते. पिकअपला तर मागे जाड पाटे, आणि ते माल उचलण्यासाठी. बोलेरो पिकअपच्या एका मॉडेलच्या नावातच 1.7 टन आहे. तेवढा भार सोसायला केलेले पाटे रिकाम्या गाडीखाली जेमतेम हलतात. एकावर एक घासून बसलेली पानं छोट्या धक्क्याला सुटतही नाहीत. म्हणजे रिकामी पिकअप अंबाडीहून परत येते तेव्हा मागे स्प्रिंगचं बरंचसं काम एकटा टायर करत असतो.

आता या टायरच्या जागी आपले लोक काय बसवतात? दहा पीआरचा (प्लाय रेटिंग, म्हणजे टायरच्या अंगाच्या ताकदीचं माप), जाड साइडवॉलचा, हलक्या ट्रकसाठीचा ऑफरोड टायर. ‘जाड आहे, धक्के खाईल.’ इथेच गोची आहे. जाड साइडवॉल धक्का खात नाही, तो पुढे ढकलते. आठ किंवा दहा पीआर म्हणजे टायरचं अंग जास्त ताठ, आणि या टायरांना तोच भार उचलायला हवाही जास्त लागते. दहा पीआरच्या अशा टायरवर कमाल दाबाचा आकडा बहुधा 80 पीएसआय छापलेला असतो, साध्या मोटारीच्या टायरमध्ये सहसा भरतात त्याच्या दुपटीहून जास्त. तो आकडा कमाल भारासाठीचा, थंड टायरचा. पण पंक्चरवाल्याकडे नळी लावली की ‘वर लिहिलंय तेवढी भर’. मग रिकामी गाडी दगडी चाकांवर धावल्यासारखी धावते आणि शिव्या खातो रस्त्याचा ठेकेदार. ठेकेदाराला त्याच्या वाटणीच्या जरूर द्या. कंप्रेसरच्या नळीच्या वाटणीच्या त्याला नकोत.

शिवाय हा टायर वजनाने भारी. चाकाचं वजन पाट्यांच्या खालचं वजन. ते वाढलं की चाक खड्ड्यातून वर उसळल्यावर आवरायला शॉकअपला जड जातं. बसलेल्या माणसाच्या शरीराला उभा हादरा सर्वात जास्त बाधतो तो साधारण सेकंदाला 4 ते 8 वेळा येणारा. अंगाला बसणाऱ्या कंपनांचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ 2631, याच पट्ट्याला सर्वाधिक वजन देतं. मऊ गाडीचं धूड सेकंदाला एकदोनदा डुलतं, त्याने फार तर झोप येते. ताठ पाटे, ताठ टायर आणि रिकामा हौदा एकत्र आले की डुलणं त्या नकोशा पट्ट्याकडे सरकू लागतं. संध्याकाळी पाठ धरते ती उगाच नव्हे.

इतकं वाचून दुसरा पक्ष खूश होईल. कंपनीचा टायर तोच खरा, ऑफरोड म्हणजे नुसता आवाज आणि डिझेलची नासाडी, असं म्हणणाऱ्यांचा. त्यांचंही मला पटत नाही. ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचा) आणि मड-टेरेन यांना एका मापाने मोजणं अन्यायाचं आहे. कंपनीने दिला तेवढ्याच भारक्षमतेचा, तेवढ्याच मापाचा, सौम्य नक्षीचा ऑल-टेरेन टायर योग्य हवेवर चालवला तर आरामात फरक पडतो तो थोडाच. थोडी गुणगुण वाढते इतकंच. उंच साइडवॉलने तर फायदाही होऊ शकतो. प्रवासी बोलेरोचं 215/75 आर 15 हे माप घ्या. साइडवॉलची उंची 161 मिलिमीटर. त्याच रिमवर 235/75 आला तर 176. दीड सेंटिमीटर जास्त हवा कडेच्या आणि रिमच्या मध्ये आली. पण फुकट नाही: चाक 30 मिलिमीटरने मोठं झालं, म्हणजे काटा 60 दाखवत असताना गाडी साडेबासष्टच्या वेगाने जाते, आणि घाटात गिअर जड पडतो. चाक वळताना कुठे घासतं का तेही बघायला हवं.

आणि ज्याला खरंच डांबर सोडावं लागतं त्याचं काय? वीटभट्टीवरून विटा भरायच्या, क्रशरवरून खडी आणायची, खाचराच्या कडेला भाताची पोती उचलायची, त्याला ऑल-टेरेन टायर हवाच. खाणीतला फुटका दगड साध्या टायरची साइडवॉल सुरीसारखी कापतो, आणि साइडवॉलला पंक्चर काढता येत नाही. तिथे जाड टायर हा आरामाचा नसून धंद्याचा प्रश्न आहे. पाठीला थोडं सोसावं लागेल हे मान्य करून तो घ्यावा. मड-टेरेन मात्र या तालुक्यात फारच थोड्यांना लागतो. ओल्या डांबरावर मोठ्या ठोकळ्यांची पकड बारीक चिरांच्या टायरपेक्षा उणी पडते, आणि आपला पावसाळा चार महिन्यांचा. बर्फाचं चिन्ह असलेला ऑल-टेरेन टायर जादा पैसे मोजून भिवंडीत घेणाऱ्यांविषयी मी काही बोलत नाही.

या सगळ्यावर पिकअपवाल्याचा एक आक्षेप खरा वजनदार आहे. ‘हवा कमी करा म्हणता, पण मी सकाळी गोदामातून भरून निघतो, दुपारी रिकामा येतो, वाटेत दुसरी वर्दी मिळाली की पुन्हा भरतो. फेरीगणिक हवा कोण सोडणार आणि कोण भरणार?’ बरोबर आहे. भरलेल्या गाडीच्या मागच्या टायरात हवा कमी ठेवणं तर धोक्याचं. टायर तापतो आणि फुटतो. मागची हवा मालाप्रमाणेच ठेवावी लागेल, तिथे वाद नको.

पण ड्रायव्हर बसतो कुठे? पुढे. पिकअपमध्ये चढवलेला माल मुख्यतः मागच्या ॲक्सलवर येतो. पुढच्या चाकांवरचा भार रिकाम्या आणि भरलेल्या गाडीत त्या मानाने कमी बदलतो. म्हणून पुढच्या टायरांची हवा मागच्याहून वेगळी आणि सहसा कमी सांगितलेली असते, दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर किंवा मॅन्युअलमध्ये. ती हवा फेरीगणिक बदलावी लागत नाही. नवे टायर घेण्याआधी आठवडाभर फक्त एवढं करून बघा: सकाळी टायर थंड असताना स्वतःच्या गेजने पुढची दोन चाकं मोजा आणि पट्टीवरच्या आकड्यावर आणा. पंक्चरवाल्याने चारही चाकांना सारखीच हवा भरून ठेवली असेल, तर वाड्यापर्यंतच्या पहिल्याच फेरीत फरक कळेल. तरीही कंबर बोलत राहिली तर शॉकअप बघा, मग पाट्यांचे बुश. टायर बदलायचाच झाला तर दुकानात आधी पीआर विचारा, मग भारक्षमतेचा आकडा, मग टायरचं वजन. नक्षी कोणती, हा प्रश्न शेवटी, आणि तोही डांबर सोडून जावं लागत असेल तरच.