पेन्सिलीच्या टोकावरचं नशीब

पुण्याहून पाहुणे आले की लंडनजवळच्या वॉटफर्ड जंक्शनहून लीव्ह्सडनची बस ठरलेली. हॅरी पॉटरचे चित्रपट जिथे घडले, तो तिथला स्टुडिओ २०१२पासून सगळ्यांना पाहता येतो. पोरं जादूच्या कांड्या घेऊन परततात. मग मी त्यांच्या हातात घरातलं एक पुस्तक ठेवते. लेखक जो डेव्हर यांचं ‘फ्लाइट फ्रॉम द डार्क’, १९८४ सालचं.

हे पुस्तक खेळायचं असतं. गोष्टीचे साडेतीनशे तुकडे, प्रत्येकाला क्रमांक. पुढे कुठे जायचं ते आपण ठरवायचं आणि त्या क्रमांकाचा तुकडा उघडायचा. फासे लागत नाहीत. मागे आकड्यांचा तक्ता आहे. डोळे मिटून त्यावर पेन्सिल टेकवायची, टोकाखाली येईल तो आकडा आपला. परवा माझी आठ वर्षांची भाची डोळे घट्ट मिटून पेन्सिल नुसती हवेत फिरवत राहिली. टेकवायचा धीरच होईना. गोष्टीत इतका जीव अडकलेलं मूल मी फार दिवसांनी पाहिलं.

डेव्हर आधी संगीताच्या व्यवसायात होते. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा कल्पित पात्रं होऊन खेळायचा खेळ खेळण्यासाठी १९७७मध्ये त्यांनी मॅग्नामुंड नावाचं जग रचायला घेतलं. १९८२मध्ये अमेरिकेत जाऊन त्या खेळाचं अजिंक्यपद जिंकलं. पुस्तकात उतरण्याआधी सात वर्षं हे जग मनात आणि खेळात मुरत होतं. अशा खेळात खेळणारा जग रचणाऱ्याचं ऐकत नाही, भलत्याच वाटेने जातो. म्हणून प्रत्येक वाटेची तयारी ठेवावी लागते. डेव्हर यांचं लेखन या तालमीत घडलं, असं मला ठाम वाटतं.

‘फ्लाइट फ्रॉम द डार्क’पासून सुरू झालेली मालिका १९९८मध्ये अठ्ठाविसाव्या पुस्तकावर थांबली. पुढच्याच वर्षी त्यांनी आपली पुस्तकं इंटरनेटवर फुकट वाचायला देण्याची परवानगी दिली. एकोणतिसावं २०१६मध्ये आलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ते गेले. उरलेलं काम मुलगा बेन यांनी हाती घेतलं.

ऐकणाऱ्यालाच निवड करायला लावणारी गोष्ट आपल्याला परकी नाही. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं, बोललास तर प्रेत पुन्हा झाडावर, हा वेताळाचा पेच आपण लहानपणापासून ऐकतो. मराठी लेखकांनी आता वाचकालाच विक्रमाच्या जागी उभं करावं.

आणि आईबाबांनो, मूल वहीच्या मागच्या पानावर मनातल्या राज्याचे नकाशे काढत बसलं तर वही ओढून घेऊ नका. त्या राज्याचं नाव काय, ते विचारा.