तबकडीवरचा चंद्र

महागड्या मनगटी घड्याळांविषयी मराठीत लिहिताना सहसा दोनच सूर लागतात: एक दिपून जाण्याचा, दुसरा नाक मुरडण्याचा. 'वेळ तर शंभर रुपयांचे घड्याळही दाखवते' हा युक्तिवाद प्राध्यापकांच्या बैठकीतही ऐकू येतो. तो खोटा नाही. परंतु साहित्याच्या अध्यापकाने तो करावा, याचे आम्हांस नवल वाटते. 'निरोप तर साध्या गद्यातही पोचतो' असे म्हणून याच न्यायाने ओवी, अभंग आणि सारी वृत्ते निकालात काढता येतील.

संग्राहक ज्याची स्वप्ने पाहतात असे एक घड्याळ उदाहरणादाखल घेऊ. जिनिव्हाच्या पाटेक फिलिप या १८३९ साली स्थापन झालेल्या पेढीने १९४१ मध्ये '१५१८' या क्रमांकाचे घड्याळ बाजारात आणले. तारीख, वार, महिना, चंद्राच्या कला आणि सेकंदमापक, इतके सगळे एका तबकडीवर. अशी सुमारे २८१ घड्याळे बनली. त्यांतली पोलादी फक्त चार ज्ञात आहेत. पोलाद सोन्याहून स्वस्त. तरी त्यांतले एक २०१६ साली लिलावात १ कोटी १० लाख स्विस फ्रँकांहून अधिक किमतीला गेले. दुर्मिळतेने किंमत वाढते, हे खरे. परंतु मोहिनी निराळ्याच गोष्टीत आहे. वेळेखेरीज घड्याळ जे जे दाखवते त्याला त्या व्यवसायात 'कॉम्प्लिकेशन', म्हणजे गुंतागुंत, म्हणतात. आपले विद्यार्थी गुंतागुंत हा कवितेचा दोष मानतात. तिकडे तीच कारागिराची कीर्ती ठरते.

२५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सैको कंपनीने पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले आणि चावीच्या घड्याळाची उपयुक्तता संपली. नेमकेपणात ते कायमचे हरले. तरीही ते उरले, ते रूप म्हणून. हाताने घडवलेली चक्रे परस्परांशी कशी बोलतात, हे पाहण्याचा आनंद नेमकेपणाच्या शर्यतीबाहेरचा आहे.

या छंदाची दुसरी बाजू तर थेट आपल्या विषयातली आहे. जाणता संग्राहक आधी विचारतो: तबकडी मूळचीच आहे ना? काटे बदललेले नाहीत ना? कवच घासून गुळगुळीत केलेले नाही ना? पुन्हा रंगवलेली चकचकीत तबकडी त्याला नको असते; डाग पडलेली पण अस्सल तबकडी हवी असते. ही पाठचिकित्साच नव्हे काय? शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, त्यामागची कळकळ याच जातीची होती. प्रक्षिप्त ओवी कितीही गोड असली तरी ती प्रक्षिप्तच.

येथवर आम्ही संग्राहकाच्या बाजूने बोललो. आता रायगडच्या किनाऱ्यावर येऊ. २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारींसकट नेणारी रो-रो बोट सुरू झाली. मुंबईचे श्रीमंत मनगट आता मोटारीसकट या किनाऱ्याला लागते. त्याच किनाऱ्यावरचा कोळी पिढ्यान्‌पिढ्या एक गणित वापरत आला आहे: तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास, तेही उधाणाची. म्हणून पौर्णिमेला सकाळी किंवा संध्याकाळी सहाच्या सुमारास अलिबागच्या कुलाबा किल्ल्याभोवतीचे पाणी मागे हटलेले असते.

चंद्रकलेच्या घड्याळाचे गणितही हेच. साध्या रचनेत तबकडीमागच्या चक्राला ५९ दाते असतात, म्हणजे दोन चांद्रमासांना ५९ दिवस. प्रत्यक्षात चांद्रमास २९.५३ दिवसांचा असल्याने महिन्याला सुमारे ४४ मिनिटांची चूक साठत जाते आणि अडीच वर्षे उलटून गेल्यावर चंद्र एका दिवसाने चुकतो. कोळ्याच्या भाषेत सांगायचे तर भरती पाऊण तासाने चुकते. म्हणजे ती तबकडी वाचता येते. तिच्यावरून समुद्र ओळखता येतो. ज्याने ती कधी वाचलीच नाही, त्याच्या मनगटावर तो चंद्र निव्वळ नक्षी होऊन राहतो. तिजोरीत बंद ठेवलेल्या घड्याळाचा तर चंद्रही थांबतो.

आमचा आक्षेप किमतीला नाही, या न-वाचण्याला आहे. एचएमटीने सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ साली बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला. तिथली 'जनता' ही चावीची, १७ माणकांची, कारकुनाच्या आणि शिक्षकाच्या हातावरची. रोज सकाळी चावी देणे हा त्या घरांतला नेम होता. २०१६ साली केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला, आणि चालू असताना दुर्लक्षित राहिलेली 'जनता' आता संग्राहकांना हवीहवीशी वाटू लागली. मागणी वाढली तशा रंगवलेल्या खोट्या तबकड्याही आल्या. ती उघडून दुरुस्त करणारा घड्याळजी मात्र तालुक्याच्या गावी शोधावा लागतो.

मराठी भाषेचेही आपण हेच करतो आहोत, अशी आमची भीती आहे. तिचा गौरव वाढतो आहे, वाचक घटतो आहे. संग्राहकाकडून शिकण्यासारखे असेल तर ते त्याचे अस्सलपणाचे वेड. आणि त्याला शिकवण्यासारखे असेल तर ते इतकेच, की जपणे म्हणजे कुलूप लावणे नव्हे. घड्याळाला रोज चावी द्यावी लागते, आणि कवितेला वाचक.