संगणकाच्या गोष्टी : एकाच नंबरची अनेक घरं



अल मन्सूरातला पत्ता सांगताना नुसतं 'बिल्डिंग नंबर २०' म्हणून भागत नाही. २० नंबर पलीकडच्या रस्त्यावरही असू शकतो. म्हणून तर निळ्या पाटीवर झोन, रस्ता आणि बिल्डिंग असे तीन आकडे असतात. आपल्या लॅपटॉपमधल्या मेमरीचा कारभार बराचसा असाच चालतो. आणि फोनवर अर्धा भरलेला फॉर्म अचानक कोरा का होतो, याचं उत्तरही या कारभारातच सापडतं.

समजा, घरच्या लॅपटॉपवर ब्राउझर, एक्सेल आणि मुलांचा गेम एकदम चालू आहेत. चालू असलेल्या प्रोग्रॅमला 'प्रोसेस' म्हणतात. प्रत्येक प्रोसेसला वाटतं, सगळी मेमरी माझ्या एकटीची! एक्सेल म्हणतं 'घर नंबर ५०००', गेमही म्हणतो 'घर नंबर ५०००'. तरी भांडण होत नाही, कारण ऑपरेटिंग सिस्टिमने प्रत्येकीचा स्वतंत्र तक्ता ठेवलेला असतो. मेमरीची साधारण ४ किलोबाइटची एकेक 'पानं' पाडलेली असतात आणि कुठलं पान खऱ्या रॅममध्ये कुठे आहे, ते प्रोसेसर त्या तक्त्यात बघतो. शेजारणीचं पान आपल्या तक्त्यातच नसतं, त्यामुळे तिथे डोकावता येत नाही. विंडोज ३.१ मध्ये सगळे प्रोग्रॅम एकाच जागेत नांदत. एक बिघडला की बाकीच्यांना घेऊन बुडायचा. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना वेगळं सांगायला नको! काही पानं मात्र मुद्दाम सामाईक असतात : दहा प्रोसेसना लागणारी लायब्ररी रॅममध्ये एकदाच ठेवायची आणि दहाही तक्त्यांत तिचा पत्ता लिहायचा.

युक्ती जुनी आहे. मँचेस्टरच्या ॲटलस संगणकात १९६२ साली मुख्य मेमरी होती १६ हजार शब्दांची, आणि आणखी ९६ हजार शब्द फिरत्या ड्रमवर. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मात्र सगळी मिळून एकच सलग मेमरी दिसायची. याउलट, आपल्या पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये आणलेला 'परम ८०००' ट्रान्सप्यूटर चिपांवर उभा होता, आणि त्या चिपांत असे तक्ते बघण्याची सोयच नव्हती. हाताशी असलेल्या मेमरीत काम बसवायची जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची! शास्त्रीय गणितांना ते चालून गेलं. घरात असं यंत्र कुणी ठेवलं नसतं.

आता खरी मेख. ऑपरेटिंग सिस्टिम सगळ्यांना मिळून जेवढी मेमरी कबूल करते, तेवढी रॅम पुष्कळदा नसतेच. चारशेंना आमंत्रण आणि पंगत शंभराची! सगळे एकदम बसत नाहीत तोवर ठीक. एकदम बसले की पानं उचलून डिस्कवर टाकणं आणि परत आणणं, एवढंच काम उरतं. याला 'थ्रॅशिंग' म्हणतात. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये याचं कारण मांडलं : प्रत्येक प्रोसेसला त्या त्या वेळी काही पानं हाताशी लागतातच, आणि त्यांची बेरीज रॅमच्या वर गेली की सगळंच अडतं. रॅमचं उत्तर साधारण १०० नॅनोसेकंदांत येतं, फिरत्या हार्ड डिस्कचं १० मिलिसेकंदांत. म्हणजे लाखपट! एसएसडीमुळे हा फरक हजारपटीच्या आसपास आला, तरी हजारपट म्हणजे काही थोडा नव्हे. अशा वेळी लॅपटॉप 'स्लो झाला' म्हणून नवीन प्रोसेसरच्या मागे लागणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी दोन प्रोग्रॅम बंद करा, आणि रॅम वाढवता येत असेल तर वाढवा.

फोनची तऱ्हा वेगळी. पानं स्टोरेजवर टाकायला फोन सहसा नाखूश असतात. टंचाई आली की पडद्यामागची प्रोसेस सरळ बंद करून टाकतात. तुम्ही ब्राउझरमध्ये पासपोर्टचा फॉर्म भरत असता, मध्येच कतार आयडीचा फोटो काढायला कॅमेरा उघडता (हा मोठा खादाड प्राणी!), आणि परत येऊन बघता तो फॉर्म पहिल्यापासून. दर वेळी वेबसाइटला शिव्या घालण्यात अर्थ नाही. फोटो आधीच काढून ठेवावेत, 'सेव्ह'चं बटण असेल तर प्रत्येक टप्प्यावर दाबावं, आणि फोन जुना असेल तर फॉर्म लॅपटॉपवर भरून फोन फक्त ओटीपीपुरता जवळ ठेवावा.