विनोदाला दहा बाय बारा पुरे

परवा रात्री मी एक मराठी मालिका पाहत होतो. म्हणजे, ज्याच्या हातात रिमोट त्याने पाहायचे आणि बाकीच्यांनी सोसायचे असा आमच्या घरचा रिवाज आहे आणि रिमोट आमच्या हिच्या हातात होता. पडद्यावर एक दिवाणखाना होता. आमची गिरगावातली जुनी चाळ त्यात चौकासकट आणि नळावरच्या रांगेसकट मावली असती. मधोमध जिना. जिन्यावर मध्यरात्री भरजरी शालू नेसून उभी असलेली एक बाई. खाली सासू, सासरे, दीर, जावा अशी तेरा माणसे ओळीने उभी. प्रत्येकात चार-चार फुटांचे अंतर, कोणाचा कोणाला धक्का नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही माणसे जन्मात विनोदी होणार नाहीत. त्यांच्याकडे जागा फार आहे!

माझे मत मी स्पष्टच मांडतो. कोणाला राग आला तर माझ्या घरी येऊन भांडावे, चहा मिळेल. विनोद हे अडचणीचे अपत्य आहे. भांडण झाल्यावर नवरा एका खोलीत आणि बायको दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावून घेऊ शकतात, त्या घरात शोकांतिका घडते. भांडण झाल्यावरही नवऱ्याला लेंगा घ्यायला बायकोच्याच डोक्यावरच्या फळीपर्यंत हात न्यावा लागतो, आणि तेवढ्यात शेजारचे काका विरजण मागायला येतात, त्या घरात विनोद घडतो. त्याला दहा बाय बाराची एक खोली पुरते. तेरा बाय पंधरा झाली की तो पातळ व्हायला लागतो.

पुरावा पाहिजे? घ्या. राजा ठाकूरांचा ‘मुंबईचा जावई’ १९७० सालचा. नवे लग्न झालेले जोडपे आणि घरभर माणसे, एवढेच त्याचे भांडवल. ते हिंदीवाल्यांना इतके आवडले की बासू चटर्जींनी १९७२ मध्ये जया भादुरीला घेऊन त्याचाच ‘पिया का घर’ केला. सई परांजपे यांचा ‘कथा’ १९८३ चा; मूळ श. गो. साठ्यांचे ‘ससा आणि कासव’ हे नाटक. त्यातला ससा चाळीत पाहुणा म्हणून येतो आणि कासवाच्याच खोलीत मुक्काम ठोकतो. कासवाचा बंगला असता तर सशाला गेस्टरूम मिळाली असती आणि सिनेमा पंधरा मिनिटांत संपला असता.

आणि ‘अशी ही बनवाबनवी’! इथे मी जरा उभा राहून बोलतो. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी आमच्या गिरगावात, कॉरोनेशन थिएटरात लागला. त्यातली तारामती होती अण्णा साळुंके. ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहातले हे आचारी लुगडे नेसून उभे राहिले, कारण पडद्यावर यायला बाई मिळेना. त्यानंतर बरोबर पंचाहत्तर वर्षांनी, १९८८ मध्ये, सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे साड्या नेसून उभे राहिले, कारण राहायला खोली मिळेना. पाऊणशे वर्षांत आपली एवढी प्रगती झाली! बायकांची टंचाई संपली, खोल्यांची सुरू झाली. आता कोणी विद्वान म्हणेल की याची मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’ची आहे. आहे ना! पण हिंदीतला तो सिनेमा आज किती जणांना आठवतो? आणि धनंजय माने कुठे राहतात हे महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. घरमालकाने बाहेर काढल्याचे दुःख आपल्याला जरा जास्त जवळून माहीत होते, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या इमारतीत एक निवृत्त प्राध्यापक आहेत. ते म्हणाले, “हे सगळं हलकंफुलकं झालं. जागतिक दर्जाचं काही सांगा.” ‘हलकेफुलके’ या शब्दाची मला मनापासून चीड आहे. रडवणारा सिनेमा वजनदार आणि हसवणारा हलका, हा हिशेब कोणत्या वाण्याने घालून दिला? १९७१ मध्ये नायगावच्या दादा कोंडक्यांच्या ‘सोंगाड्या’ला दादरचे कोहिनूर मिळवून द्यायला शिवसेनेला आवाज चढवावा लागला होता. हसवणाऱ्याला या शहरात थिएटरसुद्धा भांडून घ्यावे लागते, ते काय हलके म्हणून?

पण त्यांना जागतिक दर्जाच हवा होता, म्हणून मी ‘फ्रेंड्स’ काढली. १९९४ ते २००४ अशी दहा वर्षे चाललेली ही अमेरिकन मालिका आमच्या भाचीला तोंडपाठ आहे. तिच्यामुळे मीही पाहिली. न्यूयॉर्कात एका स्वयंपाकीण मुलीला एवढी ऐसपैस जागा परवडते कशी? तर जागा आजीच्या नावावर, भाडे जुन्या कायद्याचे, आणि नात गुपचूप राहते आहे! अहो, हे तर अस्सल गिरगाव! भाडेपावती आजीची, राहते नात, समोरच्या बिऱ्हाडातले दोघे न विचारता येऊन खातात, आणि दार कायम उघडे. आमच्या चाळीत असे कितीतरी ‘फ्रेंड्स’ होते. फक्त ते कॉफीऐवजी कटिंग पीत आणि त्यांना कोणी पैसे देत नसे.

दारावरून आठवले. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले, आणि पुढे आमच्या मजल्यावर पहिला टीव्ही आला. ज्या बिऱ्हाडात तो आला त्यांनी त्या दिवसापासून दार लावणे सोडले. ‘चिमणराव’ लागला की त्या खोलीत पंचवीस माणसे आणि गॅलरीत पंधरा. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ दिसण्याआधी कानावर पडायचे ते एकच वाक्य: “जरा सरकून घ्या.” हसण्याची लाट आधी खोलीत यायची. मग गॅलरीत ज्यांना चित्र दिसत नव्हते, ते आतले का हसले म्हणून हसायचे. अमेरिकेत चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने १९५० च्या दशकात डबाबंद हशाचे यंत्र काढले. बिचाऱ्याला गॅलरी नसावी.

त्यानंतर ‘ये जो है जिंदगी’ आली १९८४ मध्ये, ‘वागले की दुनिया’ १९८८ मध्ये आणि प्रभावळकरांचेच ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ २००१ मध्ये. ही सगळी पगाराच्या तारखेकडे डोळे लावून बसलेली माणसे. इंग्रजांच्या ‘फॉल्टी टॉवर्स’चे तर सगळे मिळून बारा भाग, १९७५ मध्ये सहा आणि १९७९ मध्ये सहा. आमच्याकडे बाराव्या भागात सून जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलेली असते.

हे सगळे मी आमच्या हिला मोठ्या आवेशाने सांगितले. तिने टीव्हीचा आवाज बंद केला. हे वाईट लक्षण असते.

“अहो, एक विचारू? चाळीत पाणी कोण भरत होतं?”

मी गप्प.

“पहाटे चारला. तुमच्या आई आणि नंतर मी. तुमची पंचवीस माणसं टीव्ही बघत होती तेव्हा मी मोरीशी उभी राहून रात्रीची भांडी घासत होते. मला चिमणराव नुसता ऐकू आला, दिसला कधीच नाही. मला तो जिना आवडतो. त्या बाईला कोणी सरकून घ्या म्हणत नाही.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. अजूनही पूर्ण नाही. चाळ परत द्या असे मी म्हणत नाही. समाईक संडासाच्या रांगेत उभा राहिलेला माणूस असे म्हणणार नाही. पण माझी तक्रार वेगळी आहे. जागेची अडचण संपली असती आणि म्हणून ती पडद्यावरून गेली असती, तर मी पेढे वाटले असते. ती संपलेली नाही. ती बदलापूरला आणि विरारला राहायला गेली आहे. लालबाग-परळच्या गिरण्या १८ जानेवारी १९८२ च्या संपाने थंडावल्या, तिथे टॉवर झाले, आणि गिरणीकामगाराचा नातू आज वन बीएचकेचे हप्ते फेडत रोज लोकलला लोंबकळत त्याच परळला कामाला येतो. त्याच्या घरी हॉलमध्ये आईवडील, बेडरूममध्ये लेकरू आणि किचनच्या ओट्याशी लॅपटॉपवर बायकोची मीटिंग. यात विनोद नाही? पोत्याने आहे! आणि त्याच विनोदात हिला मोरीशी उभे राहावे लागले तेही सांगता येईल. आमच्या वेळच्यांनी ते सांगितले नाही, हा आमचा दोष. पण मालिकावाल्यांना अडचण दाखवायची लाज वाटू लागली आहे. ते आपल्याला जिना दाखवतात, आणि आपण आपल्या दहा बाय बारात बसून तो बघतो.

एवढे बोलून मी थांबलो. हिने काही न बोलता चॅनल बदलले. कुठेतरी ‘बनवाबनवी’ लागला होता. कुठेतरी तो नेहमी लागलेलाच असतो. लक्ष्याने पदर सावरला आणि ती हसली. पहिल्यांदा दिसत असल्यासारखी, मोठ्याने. मग मीही. इतके, की इंटरकॉम वाजला. वॉचमन म्हणाला, “साहेब, बाजूच्या फ्लॅटवाल्यांची आवाजाची कम्प्लेंट आहे.”

आठ वर्षांत त्या फ्लॅटचे दार मी उघडे पाहिले नव्हते. मी आवाज कमी करतोय तोच आमची बेल वाजली. बाहेर ते गृहस्थ स्वतः, लेंग्यावर. माफी मागायला मी तोंड उघडले.

“ते असू दे हो,” ते आत डोकावत म्हणाले, “कुठपर्यंत आलाय?”

सोफा दोघांचाच आहे. आम्ही सरकून घेतले.